पाणी अडतीस, हवा उणे चोवीस

कुह्मो, ९ फेब्रुवारी

प्रिय वेसा,

अक्षर ओळखलं नसलंस तरी पाकिटावरच्या ग्रीसच्या काळ्या बोटावरून ओळखलं असशील. हात तीनदा धुतले होते, तरी उमटलंच. फोन करणार होते, पण फोनवर तू दोन मिनिटांत ‘बरं, ठेवतो मग’ म्हणतोस, आणि मला जे सांगायचंय ते दोन मिनिटांत मावणारं नाही. विषय ऐकून हसशील. तुझ्या बाबांच्या गाडीच्या इंजिनाचा दिवा पेटलाय. एवढ्यासाठी हिने नऊ वर्षांनी पत्र लिहिलं, असं वाटेल तुला, पण मधेच टाकून देऊ नकोस.

गाडी तू पाहिलेली नाहीस. जुनी लाल गाडी त्यांनी तू गेलास त्याच वर्षी मोडीत काढली, मधे एक जुनाट खटारा चालवला, आणि गेल्या उन्हाळ्यात ही राखाडी घेतली, जर्मनीत आठ वर्षं वापरलेली. मीच तिला इंजिन तापवायचा हीटर बसवून दिला. तिकडच्या गाड्यांना तो नसतोच, तिकडे कशाला लागतोय! तुमच्या नॉर्वेच्या किनाऱ्यावरसुद्धा म्हणे समुद्र उबदार असतो आणि बिनहीटरची गाडी चालू होते. मग तू विसरला असशील, म्हणून सांगते. इथे अजूनही आम्ही सगळे अंगणातल्या विजेच्या खांबापासून गाडीच्या नाकापर्यंत वायर लावतो, टायमर फिरवतो, आणि सकाळी दोन तास तापलेलं इंजिन चालू करून कामाला जातो. दात घासण्याइतकं ते अंगवळणी पडलंय. आणि माझी फजिती झाली ती त्यामुळेच.

ऑक्टोबरात तुझे बाबा माझ्या वर्कशॉपमध्ये आले. टोपी न काढता म्हणाले, “विर्पी, ही बया माझ्याकडे पिवळा डोळा वटारून बघते.” मी यंत्र जोडलं, कोड वाचला. इंजिनातल्या पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर काहीतरी न पटणारं सांगतोय, असा त्याचा अर्थ. हे म्हणजे रोजचंच काम. नवा सेन्सर टाकला, कोड पुसला, कॉफी प्यायलो, ते गेले. चार दिवसांनी पुन्हा दारात. “डोळा उघडलाय हो बाईसाहेबांचा.” मग मी वायरिंग उकललं. रस्त्यावरच्या मिठाने एखादी पिन गंजली असेल म्हणून एकेक पिन घासून काढली. आठवड्याने पुन्हा डोळा. मग दुसऱ्या कंपनीचा सेन्सर. पुन्हा तेच! मी अक्षरशः हात टेकले रे. गावात आता मी एकटीच मेकॅनिक उरलेय, आणि म्हाताऱ्याचा एक दिवा मला विझवता येईना.

मग मी काय केलं सांगू? दोन्ही जुने सेन्सर घरी नेले, कॉफीच्या पातेल्यात पाणी उकळलं, त्यात सेन्सर सोडला, शेजारी थर्मामीटर, आणि मीटर लावून बघत बसले. आठवतंय, आपण सोळा-सतराचे असताना तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात हेच केलं होतं? तुझी आई, माझ्या हिल्का मावशी, आत आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, “सूप झालं की मलाही वाढा, फक्त मीठ बेताने घाला.” पातेलं मात्र त्यांनी तुला वाळूने घासायला लावलं. तू घासत होतास आणि मी खिडकीत बसून हसत होते. या वेळी ते पाणी उकळताना मला तुझी इतकी आठवण आली की आकडे लिहायचेच राहिले, सगळं पुन्हा करावं लागलं. आकडे बिनचूक निघाले. दोन्ही सेन्सर चांगले होते. मी त्यांना उगाच काढलं होतं.

गंमत म्हणजे गाडी माझ्याकडे ठेवून घेतली की दिवा पेटायचाच नाही. चार दिवस उबदार शेडमध्ये होती, रोज सकाळी चालू केली, काहीही नाही. बाबांच्या अंगणात गेली की तिसऱ्या दिवशी डोळा. मी म्हटलं, “काका, तुम्ही हिला बोलता का काही?” तर म्हणाले, “मी कुणाला काय बोलणार पोरी, आणि ऐकणार कोण!” नेहमीसारखंच म्हणाले, हसत. मीही हसले.

आता घाईचं कारण. अठ्ठावीस तारखेला गाडीची वार्षिक तपासणी आहे. हा दिवा पेटलेला असला की नापास. आदल्या दिवशी कोड पुसून नेण्याची युक्ती मलाही सुचली, पण त्यांच्या यंत्राला पुसलेलंही कळतं. नापास झाली तर गाडी रस्त्यावर आणता येणार नाही, आणि एकोणऐंशीव्या वर्षी ते दुसरी गाडी घेणार नाहीत. फाट्यापासून गावापर्यंतची बस बंद होऊन तीन वर्षं झाली. गाडी गेली की ते त्या घरात बसले ते बसलेच. मी म्हटलं, काही लागलं तर मी आणून देईन ना. तर एकदम चिडले. “मला आणून द्यायला नकोय कुणी. मला आणायला जाता आलं पाहिजे.” कुणाला आणायला, ते मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

शेवटी मी गाडीत एक छोटं नोंद करणारं यंत्र बसवलं आणि आठवडाभराने कागद काढला. गाडी चालू करतानाची दोन तापमानं बघ. इंजिनातलं पाणी अधिक अडतीस. आत ओढली जाणारी हवा उणे चोवीस. आणि हे रोज. आता रात्रभर उभ्या गाडीत पाणी आणि हवा एकाच तापमानाला आलेली असणार, असं त्या गाडीचा कॉम्प्युटर धरून चालतो. बिचारा दक्षिणेतला आहे, वायर त्याला ठाऊकच नाही. बासष्ट अंशांचा फरक दिसला की तो म्हणतो, सेन्सर खोटं बोलतोय. पण दोन तासांच्या हीटरने पाणी शून्याच्या थोडं वर जातं, तेवढा फरक तो खपवून घेतो; अडतीसवर नाही जात रे! आणि मी मूर्खासारखी त्या कॉम्प्युटरच्याच बाजूने होते. आधी मी विचारलंसुद्धा होतं, “काका, हीटर लावता ना?” ते म्हणाले होते, “लावतो की, सगळे लावतात तसा.” पुढे इथलं कुणी विचारतं का? किती वेळ लावता, हे कुणाला विचारणं म्हणजे आंघोळ कशी करता असं विचारण्यासारखं आहे.

गेल्या रविवारी दुपारी दालचिनीचे पाव घेऊन त्यांच्याकडे गेले. लख्ख ऊन होतं. खोकल्यामुळे ते दोन दिवस बाहेर पडलेले नव्हते. आणि भर दुपारी बारा वाजता गाडीला वायर लावलेली. खांबावरचा टायमर काढून टाकलेला. मी खांबाशी उभी राहिले ती उभीच. ते बाहेर आले, चोरी पकडल्यासारखे. रात्रंदिवस वायर लावलेली असते, वेसा. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत. रोज सकाळी दोन मिनिटं गाडी चालू करून बघतात, कान देतात, बंद करतात, वायर परत लावतात. शेडच्या खिळ्यावर आणखी एक वायर लटकते, कोरी. “एक गेली तर दुसरी हवी,” म्हणाले. मी म्हटलं, काका, टायमर लावा, दोन तास पुरतात, दिवा आपोआप विझेल, तपासणी पास होईल. तर म्हणाले, “लावतो. कुठले दोन तास, तेवढं तू सांग. तो कधी फोन करेल ते तुला ठाऊक असलं तर सांग.”

नऊ वर्षांपूर्वीचा तो दिवस मला लिहायचा नव्हता, पण आता टळत नाही. उणे चौतीस. सकाळी सातला रुग्णालयातून त्यांना फोन आला की हिल्का मावशींची वेळ जवळ आलीये. तू त्यांना आधी न कळवता पहाटेच्या बसने निघालेला. त्यांनी तुला फाट्यावरून घ्यायचं आणि दोघांनी कायानीला रुग्णालयात जायचं, असं ठरलं. लाल गाडी चालूच झाली नाही. टॅक्सी दोन तासांनी येणार होती, माझा फोन वर्कशॉपच्या टेबलावर वाजत पडला होता. तू फाट्यावर उभा राहिलास, आणि तुम्ही पोचलात तेव्हा सगळं आटोपून पाऊण तास झाला होता. संध्याकाळी मी तुमच्या घरी आले तेव्हा तू त्या लांब पडवीत बाबांना म्हणत होतास, “एक वायर लावायची होती. एवढंच काम होतं तुम्हाला.” बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग तुझ्याकडे पाहून म्हणाले, “विसरलो.”

ते विसरले नव्हते. त्यांची वायर माझ्याकडे होती. आदल्या संध्याकाळी बर्फ ढकलणाऱ्या ट्रॅक्टरने माझी वायर तोडली, आणि मला सकाळी पार्ट आणायला सोत्कामोला जायचं होतं. मी त्यांच्या अंगणात जाऊन म्हटलं, “काका, एका रात्रीपुरती देता का?” त्यांनी खांबावरून काढून माझ्या हातात दिली. “ने. मला उद्या कुठे जायचंय?” तू फाट्यावर कुडकुडत होतास तेव्हा मी त्यांच्या वायरीने तापलेल्या माझ्या गाडीत रेडिओ ऐकत चालले होते. वायर मागे डिकीत होती.

पडवीत मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. तू मला सोडशील अशी भीती वाटली, दुसरं काही नाही. आणि तीन आठवड्यांनी तू म्हणालास, चल माझ्याबरोबर नॉर्वेला, तेव्हा मी वर्कशॉपचं कारण सांगून नाही म्हटलं. वर्कशॉप कसलं डोंबलाचं! रोज तुझ्या शेजारी बसून तू बापाला दोष देताना ऐकायचं आणि गप्प राहायचं, ते मला जमलं नसतं. तुला वाटलं असेल, हिला मी नको होतो. तसं कधीच नव्हतं, एक दिवसही नव्हतं. तू गेल्यावर मी तुझा कप फळीवर मागे सरकवला, आणि नऊ वर्षं कॉफी करताना रोज तो आधी हाताला लागतो.

रविवारी मी बाबांना म्हटलं, आता मी त्याला लिहिते. ते घाबरले. म्हणाले, “नको पोरी. माझ्यावर रागावलाय तो, मला त्याची सवय झालीये. तुझ्यावरही रागावला तर इथे यायला त्याला उरेल काय?” म्हणजे नऊ वर्षं त्यांनी तो दोष अंगावर घेतला तो माझ्यासाठी, आणि त्याहून जास्त तुझ्यासाठी, तुला परतायला एक तरी दार राहावं म्हणून. आणि मी त्या दारामागे लपून बसले. त्यांचं न ऐकता मी हे लिहिलंय. तू माझ्यावर हवा तितका राग धर, तो माझाच आहे, पण त्यांच्यावरचा काढून घे.

आणि अठ्ठावीस तारखेच्या आत त्यांना फोन कर. माफी वगैरे बोलत बसू नकोस, ते ऐकून घेणार नाहीत. फक्त सांग की अमुक दिवशी, इतक्या वाजताच्या बसने फाट्यावर उतरतोय. मार्चमधली वेळ सांगितलीस तरी चालेल, उन्हाळ्यातली सांगितलीस तरी चालेल. त्यांना एक वेळ कळली की ते वायर काढतील आणि टायमर लावतील, आणि दिवा विझेल. मला सेन्सर बदलून ते जमत नाही. मला काही कळवायला पाहिजे असं नाही. पण तुला खोटं सांगायचं थांबवायचं ठरवलंय, तर हेही सांगते: फाट्यावर आणायला कुणी जायचं यावरून आमचं भांडण होणार आहे, कारण माझ्या अंगणातली वायरसुद्धा नऊ हिवाळे दिवसरात्र लावलेली असते. माझी गाडी फार जुनी आहे, तिला असा दिवाच नाही, म्हणून आजवर कुणाला कळलं नाही.

अजूनही तुझीच,
विर्पी