मच्छिंद्रला लागेल तेवढा वेळ

मी, श्रीमंत यहोशवा पगारे, वय एकोणसाठ, राहणार श्रीरामपूर, साखर कारखान्याच्या मस्टरवर टाइमकीपर आणि प्रत्यक्षात कारखान्याच्या बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक, देवाला स्मरून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. छाती ठिकाणावर नाही, म्हणून हा खटाटोप. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात रक्ताचे माणूस लागते. माझी पत्नी चांगुणा वारली. आम्हाला मूलबाळ नाही. भावाची मुले नगरला सावेडीत सुखात आहेत, नाताळलाही इकडे फिरकत नाहीत. त्यांना माझ्या मिळकतीतून काही देत नाही आणि त्याबद्दल त्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

कलम पहिले. मला चांगुणाच्या कबरीशेजारी पुरावे. भाषणे नकोत. मैदानावर सराव चालू असेल तर तो बंद करू नये.

कलम दुसरे. चांगुणाचे शिलाई मशीन शेजारच्या साळूबाईंना द्यावे. त्या न मागता ताक पाठवतात आणि बरे आहे का म्हणून विचारतात. अख्ख्या गल्लीत तेवढ्याच विचारतात.

कलम तिसरे. माझे टेबलावरचे घड्याळ क्रीडा समितीचे चिटणीस राधाकृष्ण डावखर यांना द्यावे. ते रोज मागे पडते. त्यांनी दुरुस्त न करता वापरावे, कारण त्यांना फार घाई असते.

याचा खुलासा करणे भाग आहे. गेल्या पावसाळ्यात, म्हणजे पाऊस पडायला हवा होता तेव्हा, डावखर घोडेगावच्या बाजारात बैल घ्यायला गेले. तिथे एक ताडमाड पोरगा दुसऱ्याचा खोंड धरून उभा होता. डावखरांनी बैल घेतला आणि पोरगाही आणला. तोच मच्छिंद्र. त्याला साखर गोदामात हमाल म्हणून मस्टरवर लावला आणि माझ्या हवाली केला. आमचे सगळे खेळाडू असेच असतात: कागदावर हमाल नाहीतर फिटर, पगार चेंडूचा.

बाजारात बैल जुंपून बघतात आणि चालला नाही तर परत करतात. डावखरांनी पोरालाही तीच रीत लावली. गाळप संपले, म्हणजे पट्टा पडला, की याचा निकाल. यंदा दुष्काळाने ऊसच नाही, पट्टा येत्या आठवड्यात पडतोय. म्हणजे पोराची मुदत आपोआप आखूड झाली. काल डावखर मला म्हणाले, "पगारे, ह्यो गडी रिंगखाली उभा राहून बी चेंडू बाहेर टाकतो. पट्टा पडला की घरी धाडायचा." स्वतःच्या मळ्यात आडसाली उसाला दीड वर्ष पाणी देत बसणारा हा माणूस! मी चिडून बरेच बोललो. ते इथे लिहीत नाही, पण एक शब्दही मागे घेत नाही.

मच्छिंद्र एकोणीस वर्षांचा आहे. त्याचे हाडपेर अजून वाढते आहे. आज शिकलेली उडी महिन्याने त्याला तोकडी पडते, कारण तोवर पाय बदललेले असतात. त्यात गुडघे दुखतात, तो सांगत नाही, मी ओळखतो. अशा पोराला ओरडून चालत नाही. चुकू द्यावे लागते, आणि चुकताना जवळ उभे राहावे लागते. दोन-तीन हंगाम जातील. पण मग त्याला अडवणारा जिल्ह्यात सापडणार नाही.

कलम चौथे. माझी शिट्टी गहिनीनाथ वाकचौरे याला द्यावी. तो माझ्या हाताखाली तयार झाला आणि आता भुसावळला रेल्वेच्या संघात आहे. पहिल्या वर्षी त्याने आपल्याच रिंगमध्ये चेंडू टाकून सामना घालवला होता. पोरे तयार झाली की रेल्वे नेते, पोलीस नेतात. न्यायलाच हवीत. नंतर ती येत नाहीत, हेही ठीकच. ठीक म्हणतो खरा, पण संध्याकाळी मैदान रिकामे झाले की घरी जावेसे वाटत नाही.

गेल्या रविवारी गहिनीनाथ अचानक आला. ओट्यावर बसून त्याने मच्छिंद्रचा सराव बघितला आणि म्हणाला, "सर, हे पोरगं आम्हाला द्या. पुढच्या सोमवारी हजर करा. आम्ही थांबू त्याच्यासाठी. तुमी माझ्यासाठी थांबला नव्हता का?"

मला आनंद झाला. आणि वाईटही वाटले. कारण छाती दुखायला लागल्यापासून मच्छिंद्र माझ्याकडेच राहतो. भाकरी करतो, जाड करतो, पण करतो. घरात कोणाची तरी चाहूल असते. हा सावकाश शिकतोय, म्हणजे आणखी दोन-तीन वर्षे इथेच राहील, असा स्वार्थी हिशेब माझ्याही मनात होता.

मच्छिंद्रला सांगितले तर तो अडून बसला. "म्या न्हाई जायाचा. तुमच्याकडं कोन बघंल? मी घोडेगावला बैलं राखीन, येऊन-जाऊन तुमाला बघीन. चेंडू गेला खड्ड्यात." चार दिवस झाले, हाच हट्ट.

कलम पाचवे. माझे दोन खोल्यांचे घर आणि अंगणातील रिंगसह मोकळी जागा माझ्या पश्चात मच्छिंद्र पुंजाराम दरंदले, मूळ राहणार घोडेगाव, याला द्यावी. अट एकच: खेळणे संपेपर्यंत त्याने इथे राहायला येऊ नये. तोवर ज्या पोरांना कुठूनही घरी धाडले असेल त्यांनी तिथे खेळावे.

कलम सहावे. मृत्युपत्र मेल्यावर लागू होते, असे वकील म्हणाले. हे एक कलम मात्र आजपासून लागू आहे. आजपासून मच्छिंद्रने माझ्या घरात राहू नये. दुपारच्या गाडीने मनमाडला जावे, तिथून भुसावळ. माझ्या दुखण्याची, एवढेच काय मरणाची खबर आली तरी सामना सोडून येऊ नये. भाकरी मला साळूबाई देतील. आणि नाही दिली तरी ती त्याची काळजी नाही.

ज्याला वाटा मिळतो त्याने साक्ष घालू नये, असा नियम आहे. त्यामुळे मच्छिंद्र बाहेर बसला आहे.

सही: श्रीमंत यहोशवा पगारे

साक्षीदार: १. गोरक्षनाथ भिमाजी शेळके, वॉचमन
२. मार्टिन सखाराम त्रिभुवन, शिंपी

श्रीरामपूर, जिल्हा अहमदनगर, शनिवार, १० फेब्रुवारी १९७३

सह्या झाल्यावर कलम पाचवे व सहावे मच्छिंद्रला आत बोलावून वाचून दाखवले. उठून त्याने संध्याकाळच्या भाकरी करून ठेवल्या आणि आता पिशवी भरतो आहे.