बिजलीची पिसे कोणी उतरवली

नंदुरबार, ता. ७ फेब्रुवारी १९३८

भाईजान हारून यांस बहीण नजमुन्निसाचे अनेक सलाम. वि. वि.

इकडे बाकी सगळे खुशाल, पण अम्मीने पाठवणीत दिलेली माझी कोंबडी बिजली पार उघडीबोडकी झाली! पंधरा दिवसांत पिसे गळाली, अंडी बंद. शेजारच्या तुळशीबाई म्हणतात, नजर लागनी शे. मी छिटाच्या चिंधीची बंडी शिवून घातली, तर कोंबडा तिला पाहून पळत सुटला.

सासरे मात्र हट्टाला पेटलेत. रोगट कोंबडी, जुम्म्याला कापाच म्हणतात. त्यांचाही जीव वैतागलाय. गळा सुजून सुस्ती आली म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. रोज सकाळी खुराड्यापाशी बसून भाकरीच्या तुकड्यातून घेतात, महिना झाला तरी गुण शून्य. तुम्ही जनावरांची डॉक्टरकी शिकता ना, मग उलट टपाली लिहा. बिजलीला कापले तर मी जेवायची नाही!

तुमची काळजीत पडलेली,
नजमुन्निसा

मुंबई, ता. ९ फेब्रुवारी १९३८

चि. नजमुन्निसा हीस हारूनच्या अनेक दुवा.

आधी सुरी लपव, मग पुढचे वाच. नजरबिजर काही नाही. कोंबडीच्या गळ्यात एक ग्रंथी असते. तिचा रस रक्तात वाढला की जुनी पिसे गळतात, अंडी थांबतात, मग नवी पिसे येतात. पावसाळा सरला की हे आपसूक होते. पण ऐन फेब्रुवारीत?

आमचे मास्तर बकऱ्याच्या त्याच ग्रंथीची पूड चारून कोंबड्यांची पिसे मुद्दाम गाळून दाखवतात. माणसाच्या गळ्यातही तीच ग्रंथी असते, म्हणून सासऱ्यांच्या गोळ्यांतही बहुधा तीच पूड असणार. उद्या सकाळी खुराड्यापाशी तू बस आणि भाकरी कोणाच्या पोटात जाते ते बघ.

अम्मीचे प्रेम आहेच, माझेही त्यात धर.
हारून

नंदुरबार, ता. १६ फेब्रुवारी १९३८

हारूनमियाँ यांस शब्बीर शिंप्याचा सलाम. वि. वि.

तुमचे पत्र सूनबाईने गल्लीभर वाचून दाखवले. होय, मीच चारत होतो! गोळीला खाटकाच्या दुकानाचा वास येतो, तुम्ही गिळून दाखवा. बिजलीच पहिली झडप घालायची. तिला कापले की भांडे फुटणार नाही, असे वाटले होते. चुकलो बाबा.

बिजली जिवंत आहे, पाठीवर नवे कोंब आलेत. आता बायको रोज समोर बसून गोळी गिळवते आणि जीभ उचलून तोंड तपासते. सुस्ती जरा कमी वाटते, हे तिला कळवू नये.

एकच विचारतो, उत्तर बंद पाकिटातून द्या. आज फणीत दाढीचे चार केस आले. तुम्ही पिसांचे लिहिलेत, दाढीचे काहीच लिहिले नाहीत.

लोभ आहेच, तो दाढीसकट राहावा ही विनंती.
शब्बीर