गेनबांनी उडी टाकली तो शेणखड्डा

१७ डिसेंबर १९४३, गुंजवणे

आजही पेटलं नाही! महिना होत आला. शेण पाण्यात कालवून खड्डा भरला, वर डांबराचं रिकामं पिंप उलटं घातलं. पिंप वर उचललं जातं — म्हणजे आत वायू धरतोय. पिंपाच्या नळीशी काडी नेली की विझते. पुण्यात मित्राकडे हाच वायू निळा जळताना पाहिलाय मी.

शेजारचे गेनबा कुंपणावरून — "मास्तर, शेन शेतात घाला, न्हाईतर गवऱ्या थापा. कुजवून काय व्हनार?" पण शेण त्यांच्याच गोठ्यातलं. त्यांच्या पत्नी सगुणाबाई रोज देतात.

२६ डिसेंबर

थंडी. खड्डा गार. काही नाही.

४ जानेवारी १९४४

लढाईमुळं रॉकेल मिळत नाही. पोरी जळणाला रानात जातात, वर्ग निम्मा रिकामा. हे पेटलं तर एखादी तरी शाळेत बसेल — रोज स्वतःला हेच सांगतो. हात फुटलेत. अंगाचा वास जात नाही. कंटाळलो.

१२ जानेवारी

पिंप अडकलं. शेणावर जाड थर धरलाय. उद्या पिंप काढून, थोडं उपसून आत उतरतो.

१९ जानेवारी

आज लिहिता येतंय.

उतरलो, एवढंच आठवतं. शुद्धीवर आलो तेव्हा अंगणात होतो. लोक सांगतात — मी कोसळलो तशी गेनबांनी उडी टाकली. "दोर बांधा!" सगळे ओरडले. गेनबा थांबले नाहीत. मला उचलून वरच्यांच्या हातात दिलं आणि तिथंच खाली बसले. गळ टाकून काढलं त्यांना. उशीर झाला होता.

तो वायू माणूस मारतो हे मी वाचलं होतं. मी! त्यांनी नव्हतं वाचलं.

पिंप परत खड्ड्यावर बसवून घेतलं. आणखी कुणी पडायला नको.

२६ जानेवारी

काल तेरावा झाला. सगुणाबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२१ फेब्रुवारी

खड्डा बुजवायला फावडं घेऊन गेलो. ऊन वाढलंय — पिंप वर आलं होतं. मागं सगुणाबाई उभ्या. "पेटतंय का, ते बघा आदी."

काडी लावली. निळा जाळ! विझला नाही.

त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बुजवू नगा, मास्तर. नळी माज्या चुलीपातूर आना."