हेमांगीने दिलेला मास्क

३ डिसेंबर, मंगळवार
श्री गजानन प्रसन्न. देवासहून सामान सुखरूप आलं, फक्त लोणच्याच्या बरणीचं झाकण हरवलं. ग्वाल्हेरात गोरखीला उषाताईंच्या घराचा वरचा मजला आमचा. दोन खोल्या, देवाला कोनाडा, भरपूर ऊन. सहा महिने हे इथे दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीतल्या नोकरीत एकटे राहिले, आता संसार पुन्हा सुरू. हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी होती, वाया कशाला घालवा म्हणून लिहिते आहे. उषाताई चहा देताना म्हणाल्या, सीमंतिनी, बरं झालं आलीस, एकट्या पुरुषाची काळजी करायला सगळं गाव तयार असतं. मी हसले.

५ डिसेंबर, गुरुवार
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, घट मांडला. ह्यांच्या शर्टाला जळक्या केसांचा वास येतो. पुन्हा साबण लावला तरी निघेना. विचारलं तर म्हणाले, ऑपरेशन करताना आता विजेच्या टोकाने कापतात, मांस जळून धूर होतो, तो टेबलाशी उभं असणाऱ्याच्या नाकात जातो. धूर ओढणारं यंत्र आहे, पण डॉक्टरांना त्याची घरघर नको असते. हेमांगी सिस्टर त्यावरून भांडते, म्हणते, साहेब, हीच हवा पेशंटलाही. वरण वाढून झालं तरी तिचं कौतुक संपेना.

८ डिसेंबर, रविवार
सिस्टरने आपल्या पगारातून ह्यांना धूर अडवणारे जाड मास्क आणून दिलेत. ह्यांनाच का, विचारलं. म्हणाले, मी सगळ्यात जवळ असतो ना. टेबलाच्या, असं मागून म्हणाले.

१२ डिसेंबर, गुरुवार
हळदीकुंकवाला मुद्दाम हेमांगीला बोलावलं. देखणी नाही, तेच जास्त लागलं. कुंकू लावायला वाकले तर तिच्या केसांना तोच वास. एका ठिकाणी काम करतात, मला समजत नाही असं नाही. पण ह्यांना आणि तिला एक वास, आणि मला नाही. जाताना म्हणाली, वहिनी, वापरलेला मास्क धुऊन परत देऊ नका हं, केदारदादा सांगतात तुम्ही दुधाची पिशवीही फेकत नाही. माणसाच्या आतलं जे उडतं ते त्यात अडकून बसतं. घरातलं बोलणं तिथवर जातं तर. ओटीत मी लहानच नारळ घातला होता, बरं केलं.

१४ डिसेंबर, शनिवार
ह्यांच्या कपड्यांखाली बंद पिशवी सापडली. आत वापरलेला मास्क, वर बायकी अक्षरात ‘केदार’. असलं कोण जपून ठेवतं? हे रात्रपाळी करून दुपारी झोपले होते. निखारे केले. मीठ, मोहरी, मिरच्या घेतल्या आणि नजर जिची तिची वस्तू म्हणून तो मास्कही. ह्यांच्यावरून उतरवून सगळं निखाऱ्यांवर टाकलं. मिरच्यांचा ठसका आला नाही. म्हणजे दृष्ट कडकच होती. धूर मात्र उघड्या खिडकीकडे गेला नाही. सरपटत पलंगावर चढला आणि माझ्या उशीवर टेकला.

१५ डिसेंबर, रविवार
हे खोकतच उठले. पिशवी शोधू लागले, तेव्हा सांगितलं. मग एकेक सांगू लागले. दिवाळीत दुर्गा नावाची एक बाई ऑपरेशनला आली होती, सोबत कोणी नाही. भूल चढेपर्यंत ह्यांचा हात धरून म्हणत होती, सोडू नका. टेबलावरच गेली. धूर ओढणारं यंत्र त्या दिवशी बंद होतं. मास्क तेव्हाचा. टाकायच्या मास्कच्या पिशव्यांवर हेमांगी सगळ्यांचीच नावं घालते, मास्क बदलायचं कोणी चुकवू नये म्हणून. ह्यांना तो टाकवेना. म्हणाले, तिचं मागे कोणी नव्हतं गं.
म्हणजे हेमांगी नव्हेच. पण पोटातली आग विझली नाही. तिला फक्त दुसरं नाव मिळालं.

१७ डिसेंबर, मंगळवार
गुग्गुळ जाळला, वास जात नाही. माझ्या उशीला खळगा पडलाय. हे झोपेत हात पुढे करतात, बोटं अशी मिटलेली की कोणी धरलाय — माझा हात नव्हे. उषाताईंनी जिन्यात विचारलं, पाहुणी कोण आलीय, दुपारी खिडकीत केस सोडून बसली होती. 

१९ डिसेंबर, गुरुवार
घट मांडला नाही. ह्यांना श्वास पुरत नाही. हेमांगीचा फोन आला, वहिनी, खिडक्या उघडा, त्यांना बाहेर हवेत न्या. उघडल्या. जात नाही ती दुर्गा. ह्यांच्या तोंडाशी बसते — प्रत्येक श्वासाबरोबर थोडी आत —
देवा, नवरा माझा आहे.

२० डिसेंबर, शुक्रवार
ह्यांना खाली उषाताईंकडे निजवलं. खिडक्या लावल्या. तिला मीच ओढून घेणार, त्या यंत्रासारखी. तोंड उशीत — पूर्ण श्वास — मग ह्यांच्यासाठी उरणारच नाही — एका घरात दोघी नकोत —
पोटात आडवं दुखतंय. कापल्यासारखं —

२१ डिसेंबर, शनिवार
आज बरं वाटतं. ह्यांचा खोकला थांबला. आधीची बाई किती बारीक अक्षर काढायची, कागद वाचवायला. कोनाड्यातले देव कोणाचे, कळेना. हे वर आले, हात पुढे करून म्हणाले, सीमंतिनी, बरी आहेस ना? मी हो म्हटलं. हात धरला. आता सोडायचा नाही.
फक्त छातीत कोणी आतून धडका देतंय, सारखं एकच — नवरा मा—