पुलाखाली उभं राहायची पद्धत

भावोजी,

आमच्या पूल खात्याचे प्रमुख म्हणून तुम्ही आलात, तेव्हा ताईसाठी मला बरंच वाटलं होतं. साहेबांच्या सभांना लाउडस्पीकर लावणारा माणूस पुलांचं काय करणार, अशी कुजबुज होती. मी तोंड बंद ठेवलं. साहेबांनी सत्तेवर येताच जुन्या इंजिनियरांना एका फटक्यात घरी बसवलं, तेव्हाही ठेवलं.

आमच्याकडे एक पद्धत होती. पूल पास करणाऱ्याने खाली उभं राहायचं आणि वरून भरलेला ट्रक जाऊ द्यायचा. पहिल्याच बैठकीत तुम्ही ती मोडलीत. "ही नाटकं पुरे. साहेबांवर विश्वास नाही का?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

खांबाला तडा गेलाय म्हणून नदीवरचा पूल मी नापास केला होता. तुम्ही तो खुर्चीत बसून पास केलात. मला वाटलं, यांना त्यातलं कळत नाही, समजावून सांगू. म्हणून काल घरी आले. तुम्ही नव्हतात. ताई शाळेतून उशिरा आली, पार दमलेली.

म्हणाली, "अगं, हल्ली लांबच्या रस्त्याने येते. नदीवरच्या पुलावरून जायचं नाही म्हणून यांनी शपथ घातलीय. कारण विचारलं की चिडतात."

म्हणजे तुम्हाला कळतं.

हे पत्र तुम्हाला पाठवलं, तर तुमच्याआधी तुमची माणसं वाचतील. म्हणून ते ताईच्या हातात देणार आहे. तिच्या वर्गातली मुलं अजून त्याच पुलावरून येतात.

तुमची मेहुणी,
अजून तरी तुमच्याच खात्यातली