हरकतीवरची सही

दि. २८ जानेवारी २०२४

प्रिय लालमहंमद,
तुझ्या कल्याणचा नमस्कार.

सावेडीत मुलाकडे, रमीजकडे करमायला लागलं का? तुझ्या गुडघ्याचं हसीनाकडून कळत असतं. इकडे ज्वारी बरी आहे. फोन केला असता, पण तुझा आवाज ऐकला की माझं तोंड उघडत नाही, म्हणून लिहितोय.

तुझी लेक हसीना ग्रामपंचायतीत मेंबर झाली याचा मला खरंच आनंद आहे. तळ्यावरच्या वस्तीला आधी मतदानाचं केंद्र मिळालं, मग यंदा वेगळा वॉर्ड, आणि त्यात बाईची जागा. फार वर्षं लागली.

परवा सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत हसीना उठली. "आमची मानसं ऊसतोडीवर गेलीत. ती आल्यावर एक ग्रामसभा वस्तीवर घ्या," म्हणाली.

मागून कुणीतरी बोललं, "सा म्हैने गावात नसत्यात, त्यास्नी काय इचारायचं?"

तिनं पिशवीतून एक कागद काढला. बारा वर्षांपूर्वी वस्तीला वॉर्ड देऊ नये म्हणून तहसीलला गेलेल्या हरकतीची नक्कल. "तवा बी हेच लिवलं हुतं," म्हणून तिनं ती वाचली. सहीपाशी आली आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. कागद मिटला.

"कुनाची सही हाय?" लोक विचारायला लागले.

"कुनाची का आसंना. ठराव घ्या."

ठराव झाला. मीही हात वर केला.

लालू, ती सही माझी होती. सहादेवची नव्हे.

तेव्हा मी मेंबर होतो, वस्तीची मतं माझ्याच वॉर्डात होती, आणि तुझ्या शब्दावर ती मला पडायची. वेगळा वॉर्ड झाला असता तर मी निवडणुकीत पडलो असतो. सहादेव तेव्हा सरपंच, म्हणून तुझा संशय त्याच्यावर गेला. तू त्याच्याशी बोलणं सोडलंस, त्याच्या मातीलाही आला नाहीस. मी तुझ्या ओट्यावर बसून चहा पीत राहिलो आणि "जाऊ दे" म्हणत राहिलो.

सभेनंतर मी हसीनाच्या दारात गेलो. तिनं पाणी दिलं. मी हात जोडले, तर म्हणाली, "मला नगं चाचा, आब्बास्नी सांगा."

तुझ्याआधी काल सहादेवच्या भीमावहिनीला सांगून आलो. ती भाकऱ्या थापत होती. ऐकून तव्यावरची भाकरी करपली तरी तिला कळलं नाही. मग म्हणाली, "आजारपनात दाराकडं बघायचे. लालूभाई येईल म्हनायचे."

मला माफ कर असं लिहायचं धाडस नाही. पण एकदा गावी ये. माझ्या घरी नको येऊस. तिच्याकडे जा.

तू ज्याला इतकी वर्षं भला समजत आलास, तो
कल्याण