बाथरूममधली जागा

कोल्हार

प्रिय मोनू,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. तुझ्या नगरच्या हॉस्टेलचा फोन मॅडमच्या टेबलावर, आणि मला जे सांगायचंय ते चारचौघांत बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलोय. उन्हाळ्याच्या सुट्टीत तू परस्पर शेवगावला आत्याकडे गेलीस. गणपतीतही तिकडेच. आता दिवाळीलाही आत्याकडेच जाते म्हणालीस, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. शेवटी झुंबरआत्याला फोन लावून खोदून खोदून विचारलं. ती जे बोलली ते खाली लिहितो, आत्ता हात धजत नाही. आधी बाथरूमचं सांगतो.

आपलं बाथरूम तुला माहीतच आहे. दोन बादल्या ठेवल्या की माणसाने एका पायावर उभं राहायचं. साबण खिडकीत, पार्थदादाचं दाढीचं सामान खिडकीत, माझा टॉवेल दारावर. तुझी आई गेल्यापासून आम्ही दोघा बाप्यांनी ते असंच चालवलं. घरमालक आप्पासाहेबांना विचारलं, एक फळी ठोकू का? ते म्हणाले, फरशीला भोक पडलं तर खोली खाली करायची. झालं! म्हणजे खिळा नाही, ड्रिल नाही.

मग चिकटवायचा रॅक आणला. दुपारी लावला, संध्याकाळी तेलाच्या बाटलीसकट खाली. पार्थ घसरता घसरता वाचला आणि वर मलाच हसला. मग डोकं लढवलं. टेम्पोच्या ताडपत्रीचे हूक दाराच्या वरच्या कडेला अडकवले, त्यांना पिशव्या टांगल्या. लई भारी वाटलं. पण हुकांमुळे दारच लागेना, कडी बसेना. पोर घरी यायची आणि बाथरूमचं दार लागत नाही म्हणजे काय! सगळे हूक उपसून टेम्पोत फेकले.

भाजी टाकायला श्रीरामपूरला गेलो, तेव्हा तिथून दोन भिंतींमध्ये दाबून बसवायचा पाईप आणला. शिवाय पाण्याचा ड्रम आणि भिंत यांच्यामधल्या बोळात मावेल असा तीन कप्प्यांचा उभा प्लास्टिकचा स्टँड. फिट्ट बसला. खुशीत आत्याला फोटो पाठवला. तिने माझी अशी हजेरी घेतली की विचारू नकोस. म्हणे, आरपार दिसणाऱ्या कप्प्यांत कोणती पोरगी आपलं सामान ठेवील, येडा का खुळा तू? माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. आम्हा टेम्पोवाल्यांना माल दिसला म्हणजे बरं वाटतं.

तो स्टँड परत देऊन बंद कप्प्यांचा आणला. झाकणाची छोटी बादली आणली. पाईपवर जाड पडदा सोडलाय, त्यामागे दोरी आहे. तुझे कपडे तिथे खुशाल वाळव, टॉवेलखाली दडवू नकोस. पार्थला सांगितलं, ती बाजू मोनूची, हात लावायचा नाही. तो लगेच आपलं दाढीचं सामान उचलून बाहेरच्या आरशाखाली घेऊन गेला. एवढं करूनही मला चैन नाही. येता-जाता आत शिरतो, कडी लावून बघतो, पुन्हा उघडतो.

आत्या मला म्हणाली होती, "कानिफ, तिला आपल्या वस्तू ठिवायला जागा न्हाई तुझ्या घरात. दोन बाप्यांपुढं काळी पिशवी घेऊन कुठं फिरंल ती?" त्यानंतर मला जेवण गेलं नाही. तोवर मला वाटत होतं, तुला बापाचं घर नकोसं झालंय. आई असती तर तू तिला सांगितलं असतंस. आता मी आहे, तर मला सांगत जा. कप्प्यातलं संपलं की नुसतं 'पप्पा, मेडिकलमधून आणा' म्हण, मी आणीन. मोनू, तुला पाळी येते हे मला कळलंय, आणि त्यात बापापासून लपवण्यासारखं काही नाही. लिहिलं बाबा एकदाचं. शनिवारी टेम्पो घेऊन हॉस्टेलच्या गेटवर येतो. तरीही शेवगावलाच जायचं म्हणालीस, तर एस्टीत बसवून देईन, रागावणार नाही. पण तू घरी ये.

तुझाच,
पप्पा